दाण्याशिवायचा शनिवार

गुरुजी,

आज मधल्या सुट्टीत एक आई मला भेटायला आली होती. मुलगी पहिलीत, नुकतीच आमच्या शाळेत घातलेली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आई म्हणाली, "मॅडम, हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. साधीसुधी न्हाई, लई जोराची. एक दाणा जरी पोटात गेला तरी घसा सुजतो, दम लागतो. दवाखान्यात नेऊन आणलीय, म्हणून सांगून राह्यले." पर्समधून गोळ्या काढून तिनं त्या कधी द्यायच्या ते समजावलं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेही सांगितलं. मी मान हलवत होते. शाळेत आता रोज खिचडी शिजते, अधूनमधून पोरांना चिक्की येते, त्यामुळं तिचा जीव वर-खाली होणं साहजिकच होतं. मग जाता जाता ती म्हणाली, "जेवणाच्या वेळंला हिला वेगळं बसवा, मॅडम. एवढी मेहरबानी करा." आमच्या शाळेत माझ्या जिभेला सगळे वचकून असतात, पण त्या बाईला मी एवढंच म्हणाले, उद्या सांगते. मग वर्गात जाऊन फळा पुसत बसले, जो आधीच पुसलेला होता.

वेगळं बसवा, हे शब्द तुमच्यासमोर कुणी काढले असते तर तुमच्या कपाळाची शीर उभी राहिली असती. तुम्ही मूळचे जुन्या जालन्याचे, धान्याच्या आडतींच्या गल्लीत वाढलेले, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. धावडा गावाच्या पलीकडच्या आमच्या आडगावात तुमची बदली झाली तेव्हा चार महिन्यांत पळून जाईल हा माणूस, असं गाव म्हणत होतं. तुम्ही राहिलात. "जल्दी करा नवाबांनो, घंटा काय तुमच्या बापाची नोकर हाय का?" असं ओरडत फाटकात उभे राहायचात, आणि आम्ही नवाब नाकातला शेंबूड पुसत आत पळायचो. मला तुम्ही बेगमसाहेबा म्हणायचात. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या वडलांची बागायत होती, अंगावर धड फ्रॉक असायचा, म्हणून असेल असं मी समजत होते. तुमच्या मनात त्याहून वेगळं काही होतं हे नंतर कळलं.

आमच्या गावात तोवर पाणवठा एक झाला होता, भाकर एक झाली नव्हती. वस्तीवरची पोरं वर्गात आमच्यासोबत बसायची, पण डबा उघडायची वेळ आली की कुणी न सांगता दोन घोळके व्हायचे. एरवी पोरं जेवायला घरी पळत, शनिवारी मात्र सकाळची शाळा सुटल्यावर डबे खाऊनच घरी जायची पद्धत होती. तुम्ही तोच शनिवार धरलात. शाळेच्या पडवीत एक मोठी परात ठेवलीत आणि सगळ्यांच्या डब्यांतल्या भाकरी, भाज्या, चटण्या तीत काढायला लावल्यात. मग तुम्ही स्वतः, कोपरापर्यंत बाह्या वळवून, प्रत्येकाच्या ताटलीत त्यातलं वाढायचात. कुणाची भाकर कुणाच्या पोटात गेली, कुणालाच कळायचं नाही. काही घरांतून कुरकुर झाली. तुम्ही म्हणालात, "ज्याला कळतं तेनं सांगावं ना मला, ही भाकर कोन्या जातीची हाय ते. मी आख्खी परात तेच्या दारात नेऊन ठेवतो." कुणी आलं नाही. तुमच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती आणि पोरं तर खुशीतच होती, कारण चार घरची चव एका ताटलीत मिळत होती.

त्या पंगतीत एकटी मी माझा डबा परातीत रिकामा करत नव्हते. कडेला बसून आपलं आपण खायचे. तुम्ही विचारलंत तेव्हा आईनं पढवलेलं वाक्य मी म्हणून दाखवलं: "आमच्या आईनं सांगितलंय, कुणाच्या डब्यातलं खायचं न्हाई." एवढंच. आईनं मला कारण सांगितलं होतं, पण ते बाहेर बोलायचं नाही असंही बजावलं होतं. मला दाणे सोसत नव्हते. दुडदुडत होते तेव्हा कधीतरी आजोळी कुणीतरी शेंग सोलून तोंडात घातली होती आणि माझं अंग पित्ताच्या गांधींनी भरून गेलं होतं, ओठ सुजून नाकाला लागले होते. तेव्हापासून आमच्या घरात दाणे शिजत नव्हते, कूट नव्हता, साबुदाण्याची खिचडी नव्हती. ॲलर्जी हा शब्द आमच्याकडं आलाच नव्हता. आईच्या लेखी ती पोरीच्या अंगातली खोट होती, आणि पोरीची खोट चार लोकांत कळली की पुढं सोयरीक जमत नाही. म्हणून आईनं ती पदराखाली झाकली. आणि तुम्हाला, गुरुजी, दिसली ती फक्त बागायतदाराची पोरगी, जी वस्तीवरच्या पोरांच्या हातचं खात नाही.

तुमची चूक होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या गावात वेगळी ताटली, वेगळा तांब्या, वेगळी जागा याचा एकच अर्थ होता. तुम्ही आयुष्यभर तोच अर्थ बघत आला होता. दुसरा काही अर्थ असू शकतो हे तुम्हाला कुठून सुचावं? आम्हीच दार लावून घेतलं होतं.

त्या शनिवारी थंडी होती आणि पडवीत उन्हाचा पट्टा आला होता. तुम्ही परातीपाशी बसलेला आहात, सगळ्यांना वाढून झालंय. माझ्या शेजारी वस्तीवरची एक मुलगी बसलीय. ती माझ्याच वर्गातली, पाढ्यांत माझ्या पुढं, कपाळावर केसांची झालर कापलेली. तिच्या आईच्या हातची चटणी परातीत पडली की पोरं भांडायची. तुम्ही उठता, तिच्या डब्याला लागून राहिलेली तांबडी चटणी बोटांवर घेता आणि माझ्यापुढं येऊन उकिडवे बसता. "काय बेगमसाहेबा, आज आमच्या हातचं खाणार का न्हाई?" तुमचा आवाज थट्टेचा आहे पण डोळे थट्टेचे नाहीत. सगळी पंगत चावायची थांबलीय. ती मुलगी माझ्याकडं बघत नाही, आपल्या ताटलीकडं बघतेय. तुम्ही चटणी माझ्या भाकरीवर ठेवता. "खा. बिलकुल काही होत न्हाई." मी तुकडा मोडते आणि खाते.

पुढचं मला सलग आठवत नाही. जिभेला मुंग्या आल्या, टाळू खाजायला लागली. मी घटाघटा पाणी प्यायले आणि ते बाहेर आलं. कुणीतरी म्हणालं, हिचं तोंड बघा. मग गळ्याला कुणी आतून पिळा घालतंय असं झालं. सरपंचांच्या मुलाची फटफटी होती, तिच्यावर तुम्ही मला मधे धरून भोकरदनला नेलंत. तुमची टोपी वाटेत कुठंतरी उडाली. पूर्ण रस्ता तुम्ही माझ्या कानाशी बोलत होतात, "श्वास घे बाळा, घे, अजून घे," आणि बेगमसाहेबा एकदाही म्हणाला नाहीत. डॉक्टरांनी सुया टोचल्या. माझा घसा मोकळा झाल्यावर ते तुम्हाला आणि मागून आलेल्या आईला म्हणाले की दाणे हिला विषासारखे आहेत, आणि पुन्हा असं झालं तर पोरगी दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. मोठा माणूस असा जमिनीवर बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मी घरी आले, पण गावात वेगळीच आवई उठली होती. बागायतदाराच्या पोरीनं वस्तीवरच्या पोरीच्या हातचं खाल्लं आणि मरता मरता वाचली. बघा, उगीच का आपल्या वाडवडलांनी नेम घालून दिले? दाण्याचं कुणाच्या गावीही नव्हतं, कारण दाणे तर सगळेच खातात. कुणी म्हणालं चटणीत काही घातलं असेल. ती मुलगी शाळेत यायची बंद झाली. तिच्या आईला पिठाच्या गिरणीत बायकांनी डबा मागं ठेवायला लावला. परात शाळेच्या कपाटात गेली. मला हे सगळं अंथरुणात पडल्या पडल्या, घरात कुजबुजलेल्या बोलण्यातून कळत होतं.

तुम्ही आमच्या ओसरीवर आलात ती संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. वडील शेतावर होते. आई चौकटीत उभी राहिली, मी तिच्यामागं. तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत. म्हणालात, "वहिनी, माझ्याकडून पाप घडलं. तेची जी शिक्षा असंल ती मला द्या, बदली मागून घेतो मी. पण त्या पोरीचा काय गुन्हा? तुमी एक शब्द बोलल्या तर ती उद्या शाळेत येईल. न्हाई बोलल्या तर गाव तिला जन्मभर तेच म्हणंल." आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "गुरुजी, म्या बोलले तर माझ्या लेकीला कोन करून घेईल? ही बी जन्मभराचीच गोष्ट हाय."  तुम्ही खोटं समाधान केलं नाहीत. "बराबर हाय वहिनी," एवढं म्हणून तुम्ही चपला घातल्या आणि गेलात. तुम्ही भांडला असतात तर आई हटूनच बसली असती, असं मला आजही वाटतं.

दोनेक दिवसांनी आई दळण घेऊन गिरणीत निघाली आणि मला म्हणाली, चल. गिरणीत बायकांची गर्दी होती, पट्टा फडफडत होता, सगळ्यांच्या पापण्यांवर पीठ. त्या मुलीची आई कोपऱ्यात सगळ्यात शेवटी उभी. आईनं गिरणीवाल्याला गिरणी बंद करायला लावली. आवाज थांबल्यावर एकदम इतकं शांत झालं की मला लाज वाटली. आई म्हणाली, "सगळ्याजणी ऐका. माझ्या पोरीला दाणे बाधतात. लहानपनापासून. म्या झाकून ठेवलं होतं. तिच्या हातचं खाऊन काही झालं न्हाई, दाणे खाऊन झालं. माझ्या हातचे खाल्ले असते तरी तेच झालं असतं." मग तिनं त्या बाईचा डबा उचलून स्वतः पुढं ठेवला आणि तिच्या मागं रांगेत उभी राहिली.  त्या दिवसापुरती तरी ती मला जगातली सगळ्यात शूर बाई वाटली, आणि तसं मी तिला कधी बोलून दाखवलं ते तिच्या म्हातारपणी.

मग तुम्ही परात परत काढलीत. पण आता तुमच्यापुढं पेच होता. सगळे एकत्र खाणार तर मी मरणार, आणि मला बाजूला बसवायचं तर ज्यासाठी पंगत मांडली तेच मोडणार. तुम्ही शाळेत पालकांना बोलावलंत आणि सांगितलंत, शनिवारी कुणाच्याही डब्यात दाणे नकोत. चटणी जवसाची करा, कारळाची करा, ठेचा नुसत्या मिरचीचा करा. गावात हसू झालं. आमच्याकडं दाण्याचा कूट कशात नसतो हे सांगणंच सोपं. त्यात शनिवार, कित्येकांचा मारुतीचा उपवास. एका आजीनं तुम्हाला विचारलं, "मंग उपासाला काय दगड खावं का गुरुजी?" तुम्हीही शनिवार धरणारे, खिशातल्या दाण्याच्या लाडवावर दिवस काढणारे. तुम्ही म्हणालात, "आजपासून मी केळं खाईन आजी, तुमाला बी आणून देतो." आणि खरोखर, पुढं मी चौथी पास होऊन गेले तरी तुम्ही दाणा तोंडात घातला नाहीत असं लोक सांगायचे.

पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशी आई माझा हात धरून वस्तीवर गेली. त्या मुलीच्या आईनं पाटा राखेनं घासून, वर आधणाचं पाणी ओतून उन्हात ठेवला होता. ती म्हणाली, "आक्का, तुमच्या डोळ्यासमोर वाटते. मंगच पोरीला द्या." आई तिच्या अंगणात मांडी घालून बसली, जवस भाजल्याचा वास सुटला, आणि दोघी सुनांची गाऱ्हाणी करणाऱ्या म्हाताऱ्यांवर बोलत राहिल्या. चटणी झाल्यावर आधी आईनं चाखली. मग मला दिली. मी खाल्ली आणि आम्ही चौघीही मी मरते का ते बघत बसलो. मला काही झालं नाही, आणि ती मुलगी एकदम फिस्सकन हसली.

शनिवारी तुम्ही बाह्या वळवल्या नाहीत. मला बोलावलंत, हात साबणानं धुवायला लावलेत आणि म्हणालात, "आजपासून तू वाढणार." मी परातीतलं सगळ्यांना वाढलं. वाढणारी कधी वेगळी नसते, ती सगळ्यांच्या मधोमध फिरते. चुकून कुणाचा कूट आलाच असेल म्हणून माझा आणि त्या मुलीचा डबा परातीत ओतला नव्हता; शेवटी मी तिच्याजवळ बसून आमच्या त्या दोन डब्यांतलं खाल्लं. कुणाच्या लक्षातही आलं नाही की मी परातीतलं घेतलं नव्हतं. तुम्ही मात्र खांबाला टेकून उभे होतात, दोन्ही हात मागं बांधून. त्यानंतर तुम्ही कुठल्याच मुलाच्या ताटलीत आपल्या हातानं काही ठेवलं नाहीत. माझ्या लग्नात (सोयरीक जमली गुरुजी, सासरच्यांना पहिल्याच बैठकीत आईनं दाण्याचं सांगितलं होतं) पंगतीत सगळे म्हणाले, गुरुजी, नवरीला घास भरवा. तुम्ही हसून "बिलकुल न्हाई" म्हणालात आणि हात मागं नेलात. सगळ्यांना ती थट्टा वाटली. मला रडू आलं, तेही लोकांनी सासरी जाण्याच्या खात्यावर घातलं.

शेवटचं भेटले ते जुन्या जालन्यात, तुमच्या आडतीवरच्या खोलीत. खालून ज्वारीच्या पोत्यांचा वास येत होता. तुम्ही फार वाळला होतात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तुम्ही खिडकीकडं बघत विचारलंत, "त्या दिवशी तू मला भिऊन खाल्लंस, न्हाई का?" मी म्हणाले, "न्हाई गुरुजी." तुम्ही मान हलवलीत, म्हणजे तुम्हाला पटलं नव्हतं. पोरं मास्तराला भिऊन काय काय करतात, असं काहीतरी पुटपुटलात. मी आणखी बोलायला हवं होतं. पण सूनबाई चहा घेऊन आल्या, मी तो प्यायले आणि उठले. पुढच्या उन्हाळ्याआधी तुम्ही गेलात.

त्या आईला उद्या मी सांगणार आहे की तुमची मुलगी वेगळी बसणार नाही. गोळ्या माझ्या टेबलात राहतील, तिच्या वर्गात चिक्कीऐवजी राजगिऱ्याचे लाडू येतील, डबा ती घरचा खाईल आणि खिचडीच्या वेळी पोरांना ताटल्या ती वाटेल. मी तिच्या शेजारी बसेन. आणि तिच्या आईनं जे सांगितलं ते वर्गातल्या सगळ्या आयांना मी मोठ्यानं सांगेन, झाकून काही ठेवायचं नाही.

आता राहिलं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तुम्हाला भ्याले नव्हते. घास तोंडाशी नेतानाच मला वास आला होता, गुरुजी. दाणे आहेत हे मला कळलं होतं. पण ते तुम्ही वाढलं होतं. मला वाटलं, गुरुजींच्या हातचं आहे, मला बाधणार नाही. गाव म्हणत होतं तिच्या हातामुळं झालं, आणि मी धरून बसले होते की तुमच्या हातामुळं होणार नाही. गावात आणि माझ्यात तसा फरक नव्हताच. हे ऐकून तुमचं मन हलकं झालं असतं की आणखी जड, ते मला त्या खोलीत ठरवता आलं नाही, म्हणून मी चहा प्यायले. आजही ठरलेलं नाही, आणि पत्र धाडायला तुमचा पत्ताही नाही. पण खरं सांगू का? एवढं शिकून, इतकी वर्षं वर्गात विज्ञान शिकवून, थोडंसं मला अजून तसंच वाटतं, की तुमच्या हातचं मला बाधणार नाही.